साहेबाची उंच टोपी

जादूगार ज्या टोपीतून जिवंत ससा काढतो, ती टोपी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. प्रत्यक्षात नसली तरी चित्रात नक्कीच. काळी, चकचकीत, नळकांड्यासारखी सरळ उभी, वरून सपाट आणि खाली बेताचा काठ. अमेरिकेचे प्रतीक असलेला ‘अंकल सॅम’ हीच टोपी घालतो, फक्त त्याच्या टोपीवर तारे आणि पट्टे असतात. पैशांच्या थैलीवर बसलेला भांडवलदार काढायचा झाला, की व्यंगचित्रकार त्याच्या डोक्यावर हीच टोपी चढवतो. इंग्रजीत तिला ‘टॉप हॅट’ म्हणतात. मराठीत तिला स्वतःचे असे नाव मिळाले नाही. आपण आपले ‘साहेबाची उंच टोपी’ म्हणतो आणि पुढे जातो.

आता कुणी विचारील, की जी टोपी आपल्या डोक्यावर कधी रुजलीच नाही, तिची एवढी चौकशी कशाला? चौकशी करण्यासारखे कारण आहे. टोपी ही वस्तू माणसाने ऊन, वारा आणि पाऊस यांच्यापासून डोके वाचवण्यासाठी केली. ही टोपी मात्र यांपैकी एकही काम धड करीत नाही. काठ अरुंद, त्यामुळे ऊन अडत नाही. पावसात भिजली की तिची झळाळी जाते. वारा सुटला की हाताने धरून ठेवावी लागते, आणि गाडीत शिरताना ती दारावर आपटते. तिचे काम एकच : घालणाऱ्याला वीतभर उंच दाखवायचे. आणि एवढ्या एका कामासाठी निम्म्या जगातल्या प्रतिष्ठित पुरुषांनी शंभर-सव्वाशे वर्षे ती डोक्यावर वागवली. हे का घडले, ह्याचा विचार करण्याजोगा आहे.

प्रथम नावाचेच पाहू. ‘टॉप हॅट’मधला ‘टॉप’ आणि आपली ‘टोपी’ यांचे काही नाते आहे काय? ऐकायला तर दोघे सख्खे भाऊ वाटतात. पण तसे नाही. इंग्रजीतला ‘टॉप’ म्हणजे माथा, शेंडा, वरचे टोक. तो शब्द जर्मन आणि डच भाषांच्या कुळातला. आपल्या टोपीचे गणगोत निराळे. टोप, जिरेटोप, तान्ह्या बाळाचे टोपडे, दौतीचे टोपण ही सगळी तिच्या घरची माणसे. दोन शब्द एका डोक्यावर येऊन भेटले म्हणून त्यांचे कूळ एक होत नाही.

गंमत अशी, की नेमकी हीच चूक इंग्रजांनी उलट बाजूने केली. हिंदुस्थानच्या उन्हात त्यांची उंच टोपी निरुपयोगी ठरली, तेव्हा त्यांनी शोल्याची, म्हणजे ज्या हलक्या भेंडाची आपण बाशिंगे करतो त्या भेंडाची, रुंद काठाची टोपी धरली. तिचे नाव ‘सोला टोपी’. आपला ‘टोपी’ हा शब्द अशा रीतीने इंग्रजी कोशात जाऊन बसला. पण ‘सोला’ म्हणजे एक वनस्पती, हे कित्येकांना ठाऊक नव्हते. उन्हाची टोपी, तेव्हा ‘सोला’ म्हणजे ‘सोलर’, सूर्याची, असा त्यांनी समज करून घेतला आणि तसे लिहूही लागले. सारख्या आवाजावरून नाते जुळवण्याची हौस सगळ्या देशांत सारखीच, बघा.

युरोपियनाला टोपीवरून ओळखण्याची रीत मात्र आपल्याकडे फार जुनी. मराठी कागदपत्रांत पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच ह्या सर्वांना मिळून एक शब्द येतो, ‘टोपीकर’. १७१५-१६ च्या सुमाराच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात ह्या टोपीकरांविषयी स्पष्ट इशारा दिलेला आहे. हे इतर सावकारांसारखे नुसते व्यापारी नव्हेत, ह्यांच्या पाठीमागे राज्ये उभी आहेत, असा त्याचा मथितार्थ. त्या काळी उंच टोपी जन्मालाही आलेली नव्हती. तरी टोपी आणि सत्ता यांची गाठ आपल्या शब्दात अगोदरच पडून गेली होती.

आता दुसऱ्या भाषांनी ह्या टोपीला काय म्हटले ते पाहा. फ्रेंचांनी म्हटले ‘ओ-द-फोर्म’, म्हणजे उंच साच्याची. जर्मनांना तिच्यात भूमितीची आकृती दिसली. त्यांनी नाव ठेवले ‘त्सिलिंडर’. रशियनांनी आणि इटालियनांनीही तोच शब्द आपापल्या उच्चाराने घेतला. जपान्यांनी इंग्रजी ‘सिल्क हॅट’चे ‘शिरुकु हात्तो’ केले. ही झाली सभ्य नावे. रस्त्यावरच्या माणसाने ठेवलेली नावे ह्याहून बोलकी. इंग्लंडात तिला ‘चिमणी-पॉट’ म्हणत. घराच्या धुराड्यावर मातीची नळी बसवतात ना, ती. अमेरिकेत तिला ‘स्टोव्हपाइप’, म्हणजे शेगडीचा नळ, म्हणू लागले. ज्यांच्या डोक्यावर ती होती त्यांना ती उंची वाटली. खालून पाहणाऱ्यांना ती धुराडे वाटली. पुढे अमेरिकन बोलीत ‘हाय-हॅट’ असे क्रियापदच झाले. त्याचा अर्थ, दुसऱ्याला तुच्छ लेखणे. एकाच टोपीच्या नावांत समाजाच्या दोन्ही बाजू अशा उमटलेल्या आहेत.

ही टोपी आली कोठून? अठराव्या शतकात युरोपातले बडे लोक डोक्यावर पावडर लावलेला केसांचा टोप घालीत आणि त्यावर तिकोनी हॅट ठेवीत, किंवा ती नुसतीच काखेत धरीत. १७८९ मध्ये फ्रान्सची राज्यक्रांती झाली. सरदारी थाटाचा पोशाख करणे फ्रान्समध्ये धोक्याचे झाले. इंग्लंडात १७९५ मध्ये सरकारने केसांच्या पावडरीवर कर बसवला आणि पावडरीचा टोप झपाट्याने मागे पडला. डोके मोकळे झाले. इंग्रज जमीनदार घोड्यावर बसताना साधा कोट आणि गोल हॅट वापरी. तोच वेष आता शहरात शिरला. आणि १७९० नंतरच्या त्या दहा वर्षांत गोल हॅटचा माथा वर चढत चढत नळकांड्यासारखा झाला. म्हणजे जी टोपी पुढे बडेजावाची खूण ठरली, ती जन्माच्या वेळी साधेपणाची खूण होती. इतिहासात असे पुष्कळदा होते.

तिच्या जन्माची एक चटकदार कथा सांगतात. जानेवारी १७९७ मध्ये लंडनचा एक टोपीवाला ही टोपी घालून रस्त्यावर आला. ती पाहून बायका घेरी येऊन पडल्या, कुत्री भुंकू लागली, एका पोराचा हात मोडला, आणि न्यायाधीशाने त्या गृहस्थाला शांतताभंगाबद्दल धरले, अशी ती कथा. ऐकायला छान आहे, पण तिला त्या काळचा पुरावा मिळत नाही. ती छापून आली जवळजवळ शंभर वर्षांनी. आणि अशा आकाराच्या हॅट त्यापूर्वीच फ्रेंच चित्रांत दिसू लागल्या होत्या. तेव्हा ती कथा म्हणूनच ऐकावी.

आता ती बनवीत कशी, ते पाहू. कारण ह्या उंचीची किंमत कोणी मोजली, ते तिथेच कळते. आरंभीच्या टोप्या बीव्हर नावाच्या पाणथळ प्राण्याच्या लवीच्या असत. आपल्याकडे लोकर न विणता, ओली करून, दाबून दाबून जेन किंवा बुरणूस करतात, तीच युक्ती. बीव्हरच्या आतल्या मऊ केसांना बारीक काटे असतात. ते एकमेकांत अडकून घट्ट थर तयार होतो. युरोपातला बीव्हर टोप्यांपायी बहुतेक संपला, तेव्हा व्यापारी उत्तर अमेरिकेकडे वळले. १६७० मध्ये सनद मिळालेल्या हडसन्स बे कंपनीचा मोठा व्यापार ह्या कातड्यांचाच होता.

केस चांगले गुंतावेत म्हणून कारागीर कातड्यावर पाऱ्याचे नायट्रेट चोळीत. ते वाळवताना आणि टोपीला वाफ देताना पाऱ्याची वाफ कोंदट खोलीत पसरे आणि कारागिराच्या श्वासाबरोबर आत जाई. मग हात थरथरू लागत, दात हलत, बोलणे अडखळे, स्वभाव बिघडे. माणूस एकाएकी लाजरा किंवा एकाएकी चिडखोर होई. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात डॅनबरी हे टोप्यांचे मोठे गाव. तिथे ह्या थरथरीला गावाचेच नाव पडले. टोपीवाल्यासारखा वेडा, असा वाक्प्रचार इंग्रजीत आहे, तो बहुतेकांना ‘ॲलिस इन वंडरलँड’मुळे माहीत असतो. ते पुस्तक १८६५ चे. वाक्प्रचार त्याच्याही आधीचा. त्या पुस्तकात टेनिएल ह्या चित्रकाराने टोपीवाल्याच्या उंच टोपीला दहा शिलिंग सहा पेन्सची चिठ्ठी लावलेली दाखवली आहे. ते पाहून मुले हसतात. पण खऱ्या कारागिरांच्या घरी हसण्यासारखे काही नव्हते. अमेरिकेत टोप्यांसाठी पारा वापरणे बंद झाले ते १९४१ साली. म्हणजे दीडशे वर्षे एकाच्या डोक्याची शोभा दुसऱ्याच्या डोक्याच्या मोलाने चालली होती.

१८३० नंतर बीव्हरची जागा रेशमाने घेतली. ही टोपी निराळ्या रीतीने होई. जाळीदार कापडाला लाखेचा लेप देऊन कडक साचा करीत आणि त्यावर मखमलीसारखे लांब लवीचे रेशमी कापड गरम इस्त्रीने चिकटवीत. ही लाख जाई मुख्यतः हिंदुस्थानातून. पळस, बोर, कोशिंब ह्या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढतात. छोटा नागपूरच्या जंगलातले लोक ती लाख खरवडून गोळा करीत. लंडनच्या लॉर्डची टोपी ताठ उभी राही, ती अशी आपल्याकडच्या लाखेच्या जोरावर. आणि ती रेशमी लव एका दिशेनेच बसवलेली असल्यामुळे चकाकी राही. हात उलटा फिरला की संपले.

हात उलटा फिरल्याची एक खरी हकिगत आहे, आणि ती आपल्या देशाच्या इतिहासातल्या फार मोठ्या माणसाची आहे. १८८८ साली मोहनदास गांधी नावाचा तरुण बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला उतरला. पहिल्याच दिवशी डॉ. प्राणजीवन मेहता त्याला हॉटेलात भेटायला आले. त्यांची ती रेशमी टोपी गांधींनी सहज उचलली आणि किती मऊ आहे हे पाहण्यासाठी तिच्यावरून हात फिरवला, तो नेमका उलटा. लव विस्कटली. मेहतांनी जरा रागानेच थांबवले आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, असा युरोपीय रीतीचा पहिला धडा दिला. पुढे इंग्रज सभ्य गृहस्थ व्हायचे ह्या ओढीने गांधींनी स्वतःही चिमणी-पॉट हॅट विकत घेतली. किंमत १९ शिलिंग. बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा पोशाखही शिवून घेतला. हे सर्व त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. १९२० च्या सुमारास ज्या टोपीला त्यांचे नाव मिळाले, ती पांढऱ्या खादीची, घडी करून खिशात ठेवता येणारी, कोणालाही परवडणारी. ती त्यांनी स्वतः थोडाच काळ घातली; १९२१ मध्ये टोपी टाकली आणि पंचा नेसला. पण दोन टोप्या शेजारी ठेवून पाहा. एक माणसाला दुसऱ्याहून उंच करते. दुसरी सगळ्यांना एका पातळीवर आणते.

इंग्लंडात मात्र एकोणिसाव्या शतकात उंच टोपी सर्वांच्याच डोक्यावर चढली होती. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स आल्बर्ट ती वापरीत, त्यामुळे तिचे वजन वाढले. पण केवळ लॉर्डच ती घालीत असे नव्हे. १८२९ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या पोलिसांनाही उंच टोपीच होती. ती १८६० नंतर गेली आणि शिरस्त्राण आले. क्रिकेट खेळणारेदेखील उंच टोपी घालून धावत. आपण आज निवडणुकीपासून परीक्षेपर्यंत सगळीकडे जी ‘हॅट्ट्रिक’ वापरतो, तिचा उगमही टोपीतच. १८५८ मध्ये शेफील्डच्या हाइड पार्क मैदानावर एच. एच. स्टीफन्सन ह्या गोलंदाजाने लागोपाठ तीन चेंडूंत तीन गडी बाद केले, तेव्हा वर्गणी काढून त्याला टोपी भेट देण्यात आली.

सर्वांनीच उंच टोपी घातली म्हणजे उंचीचा उपयोग काय? मग भेद बारकाव्यांत शिरला. टोपी नवी की जुनी, घासून चकचकीत केलेली की निस्तेज, नाटकगृहात मांडीवर ठेवताना चपटी होणारी की न होणारी. ही चपटी होणारी, स्प्रिंगची टोपी गिब्यूस ह्या फ्रेंच टोपीवाल्याच्या नावाने प्रसिद्ध झाली. तिचा एक नमुना तर ब्रिटिश पार्लमेंटात हाताशी ठेवलेला असे. मतदान चालू असताना कॉमन्स सभेत हरकतीचा मुद्दा काढायचा, तर सभासदाने बसून आणि डोके झाकून बोलावे असा नियम होता. टोप्या घालणे सुटले, पण नियम राहिला; मग ज्याला बोलायचे तो ती सार्वजनिक टोपी घाईघाईने डोक्यावर चढवी. हा प्रकार १९९८ मध्ये बंद झाला. तिचा खरा व्यवहारी उपयोग केला तो अब्राहम लिंकन यांनी. वकिली करताना ते पत्रे आणि कागद टोपीत ठेवीत.

पहिल्या महायुद्धानंतर तिचे दिवस फिरले. मोटारीचे छत खाली आले, मऊ फेल्ट हॅट स्वस्त आणि सोयीची झाली. जनतेच्या मनात उंच टोपी आता सावकाराची, कारखानदाराची झाली होती. तरी मानाच्या प्रसंगी ती निघे. २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानचे परराष्ट्रमंत्री शिगेमित्सू ‘मिसुरी’ ह्या अमेरिकन युद्धनौकेवर शरणागतीवर सही करायला आले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर उंच टोपी होती. पाश्चात्यांच्या बरोबरीने उभे राहण्यासाठी जपानने एकोणिसाव्या शतकात हा वेष उचलला होता. त्याच वेषात पराभवाचा कागद पुढे ओढावा लागला. १९६१ मध्ये केनेडी शपथविधीला ती घेऊन आले. त्यांच्यानंतर कोणा अमेरिकन अध्यक्षाने शपथविधीला ती आणली नाही.

एका छायाचित्राबद्दल सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. जुलै १९३७ मध्ये लंडनच्या लॉर्ड्‌स मैदानाबाहेर जिमी साइम यांनी ते काढले. ईटन आणि हॅरो ह्या दोन श्रीमंती शाळांचा क्रिकेटचा सामना होता. डावीकडे हॅरोचे दोन विद्यार्थी उभे आहेत. उंच टोपी, लांब कोट, हातात काठी. उजवीकडे गल्लीतली तीन मुले साध्या कपड्यांत त्यांच्याकडे पाहून हसत आहेत. इंग्लंडातली गरीब-श्रीमंतीची दरी दाखवायची झाली, की आजही हेच चित्र छापतात. पुष्कळ वर्षांनी पत्रकारांनी त्या पाचांचा माग काढला. टोपीवाल्या दोघांपैकी एक दुसऱ्याच वर्षी आईवडिलांना भेटायला हिंदुस्थानात आला आणि सिकंदराबादजवळच्या तिरुमलगिरी छावणीत घटसर्पाने गेला. दुसऱ्याचे शेवटचे दिवस मनोरुग्णालयात गेले. ती तीन मुले मात्र मोठी झाली, संसार केला, म्हातारी झाली.

ह्याचा अर्थ असा नव्हे, की दरी नव्हती. दरी होतीच, आणि खोल होती. पण चित्र पाहणाऱ्याने दोन टोप्या पाहिल्या आणि त्यांखालची दोन मुले पाहायचे राहून गेले. टोपी म्हणते, हा वरचा. आणि आपण तिचे ऐकतो. आदराने ऐकले काय किंवा रागाने ऐकले काय, ऐकतो हे खरे.

आज ही टोपी उरली आहे ती ॲस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतीत, काही लग्नांत, अंत्ययात्रेच्या पुढे चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर आणि जादूगाराच्या टेबलावर. घोडेस्वारीच्या ड्रेसाज ह्या खेळात ती टिकून होती. तिथेही २०२१ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत डोके वाचवणारे हेल्मेट सक्तीचे झाले. तिची ती रेशमी लवीची कापडेदेखील आता कोणी विणीत नाही. ज्यांना हवी ते जुनी टोपी शोधून दुरुस्त करून घेतात.

उंच दिसण्याची हौस मात्र टोपीबरोबर गेली, असे समजू नये. ती मोटारीत, घरात, नावापुढच्या पदव्यांत जाऊन बसली आहे. अशी एखादी उंच वस्तू समोर आली, की दोन प्रश्न विचारावेत. ही बनवताना कोणाचे हात थरथरले? आणि हिच्याखाली माणूस कोण आहे? एवढे विचारण्याची सवय लागली, तर साहेबाच्या ह्या टोपीपासून आपण पुष्कळ शिकलो असे म्हणता येईल.